वळवाच्या झाडांसाठी ५८ सीसीचा कटर: मशीन चालेल, सोबतचं फुकट किट नको

एप्रिल-मे महिन्यात वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सातारा, कोरेगाव, तासगाव, मिरज, कुठल्याही शेती अवजारांच्या दुकानात एकच चौकशी सुरू होते: ‘झाड कापायचा कटर आहे का?’ दुकानदार जे खोकं पुढे सरकवतो ते बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं. पेट्रोलवर चालणारा साखळीचा कटर, म्हणजे चेनसॉ: ५८ सीसी, टू-स्ट्रोक, २२ इंची बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी). वरचं नाव आणि रंग बदलतो, आतला माल तोच. किंमत साधारण पाच हजारांपासून आठ-नऊ हजारांपर्यंत, आणि वर ठळक अक्षरात ‘सेफ्टी किट फ्री’. हा आढावा त्या खोक्याचा आहे, आणि तोही एकाच कामापुरता: वादळानं पाडलेलं, मोडलेलं, अडकून राहिलेलं झाड काढणं. वाळलेली बाभूळ जळणासाठी तोडायची असेल तर यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

आधी निकाल सांगतो. मशीनला पाचपैकी तीन. सोबतच्या किटला एक, तोही कानातल्या बुचांमुळे. आणि बजेट दहा हजारांचं असेल तर सगळे पैसे मशीनवर घालू नका. या कामात जी माणसं जायबंदी होतात त्यांतली बरीच साखळीनं नाही, तर सुटलेल्या लाकडानं होतात, आणि त्यावरचं औषध खोक्यात नसतं.

चिंचेची फोक वाकवून सोडली की हातावर वळ उठतो. तीच फोक दीड फूट जाडीची असली तर हाड मोडतं. उभ्या झाडाचा कल निदान डोळ्यांना दिसतो. पडलेलं झाड मात्र दोन-तीन ठिकाणी टेकलेलं असतं, मधे वाकलेलं, फांद्या खाली दबलेल्या, आणि हा सगळा ताण पानांच्या ढिगाऱ्याखाली झाकलेला. कटर लावायच्या आधी प्रत्येक कापाला एकच प्रश्न विचारायचा: इथे लाकडाचं पोट कुठलं आणि पाठ कुठली? ज्या बाजूला लाकूड आक्रसलंय ते पोट, ज्या बाजूला ताणलंय ती पाठ. खोड दोन टोकांना टेकलं असेल तर पोट वर, पाठ खाली. एकच टोक टेकलंय आणि दुसरं लोंबतंय, तर उलटं. काप नेहमी पोटाकडून सुरू करायचा, जाडीच्या चौथाईपासून फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग पाठीकडून हळूहळू, पहिल्या कापाला येऊन मिळेपर्यंत. उलट केलं तर दोन गोष्टी होतात. पोटाकडून खोल गेलात तर लाकूड बारला चिमटा घेऊन बसतं. पाठीकडून घाई केलीत तर खोड फाटत उसळतं आणि उसळी तुमच्याच बाजूला येते. आडवं वाकलेलं खोड असेल तर उभं राहायचं ते पोटाच्या बाजूला. पाठीच्या बाजूला कधीच नाही.

बार अडकला की नवखा माणूस ॲक्सिलरेटर दाबून ओढतो. तिथं क्लच जळतो, आणि बार अचानक सुटला तर मशीन मांडीवर येते. इंजिन बंद करायचं, कापात पाचर ठोकायची, नाहीतर कुऱ्हाडीनं बाजूनं मोकळं करायचं. पाचर बाभळीची किंवा प्लॅस्टिकची. लोखंडी पाचरीला साखळी लागली की दात उडतो. खोक्यात एकही पाचर नसते. सुताराकडून बाभळीच्या चार पाचरी करून घ्यायला फारसा खर्च नाही आणि या कामात त्यांच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

आता मशीनकडे. इंजिनाची ताकद या किमतीला खरंच चांगली आहे. ओली चिंच, नीलगिरी, रेनट्रीची फूटभर जाडीची फांदी आरामात कापते. तक्रार आहे ती बारच्या लांबीबद्दल. २२ इंच बार मोठ्या बुंध्याला बरा. पण वळवात पडलेल्या झाडाचं ऐंशी टक्के काम फांद्यांच्या जाळीत असतं. तिथं बारचं नाक कापायच्या फांदीच्या पलीकडे सहा-आठ इंच बाहेर राहतं आणि मागच्या, न दिसणाऱ्या फांदीला लागतं. नाकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की साखळी पकड घेते आणि सगळी मशीन वर-मागे, तोंडाच्या दिशेनं उसळते. हे इतक्या कमी वेळात होतं की हातानं आवरू म्हणणाऱ्या माणसाला आधीच उशीर झालेला असतो. त्यामुळे फांद्यांसाठी १८ इंची बार आणि त्याची साखळी वेगळी घ्या. या जातीच्या मशीनला साधारणपणे ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) साखळी बसते: १८ इंचाला ७२ दाती, २२ इंचाला ८६ दाती. ही मोजणी बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दातांची असते, कापणाऱ्या दातांची नाही. दुकानात ‘२२ इंची द्या’ एवढंच सांगितलं तर चुकीची साखळी मिळण्याची शक्यता भरपूर, म्हणून जुनी सोबत न्या.

चेन-ब्रेक, म्हणजे फिरती साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, दुकानातच तपासा. खोक्यावर लिहिलेलं असतंच, पण दोन नगांपैकी एकाचा ब्रेक बरा आणि एकाचा नुसता शोभेचा, असा अनुभव या मालात नवा नाही. मशीन जमिनीवर टेकवून सुरू करा, पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि डाव्या मनगटानं पुढच्या हँडलसमोरची ढाल पुढे ढकला. साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. घरंगळत थांबत असेल तर नग बदलून मागा. दुसरी चाचणी इंजिन बंद ठेवून. मशीन एका ओंडक्याच्या वर दीड फुटावर दोन्ही हातांनी धरा, पुढचा हात सोडा आणि नाक ओंडक्यावर आपटू द्या. त्या धक्क्यानं ब्रेक आपोआप पडला पाहिजे. ढाल हातानं ढकलल्यावरच ब्रेक लागतो आणि धक्क्यानं लागत नाही, तर मशीन उसळेल तेव्हा तो उपयोगाचा नाही. वापरात आल्यावर क्लचचं झाकण आठवड्याला उघडून ब्रेकच्या पट्ट्याभोवती चिकटलेला तेलकट भुसा खरवडा. ब्रेक निकामी होण्याचं सगळ्यात साधं कारण तेच असतं.

आयडलिंगला साखळी फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू डावीकडे थोडा थोडा फिरवून बसवायचा. मागच्या हँडलखालची रुंद पट्टी आणि साखळी तुटली तर अडवणारा बाजूचा छोटा हूक, ‘चेन कॅचर’, या दोन्ही जागेवर आहेत ना ते बघा. रस्त्याकडेच्या झाडांना हा हूक फार महत्त्वाचा. सातारा-कोरेगाव काय, सांगली-मिरज काय, रस्त्याकडेच्या वडा-चिंचेच्या खोडात माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत क्लासच्या, प्लॉटच्या, नेत्यांच्या वाढदिवसाच्या पत्र्यांचे खिळे असतात. पत्रा गंजून पडतो, खिळा सालीखाली जिरतो. साखळी त्यावर बसली की ठिणगी उडते, दात बोथटतात, कधी साखळीच तुटते. गेरू-चुन्याचा पट्टा असलेला खोडाचा भाग कापायचा असेल तर आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं साल सोलून बघा.

तेलाबद्दल दुकानदार वेगवेगळं सांगतात. या स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा २५:१ असतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल. नामांकित मशीनना त्यांच्याच तेलात ५०:१ चालतं, म्हणजे २० मिली. इथं ते प्रमाण वापरलंत तर पिस्टन जाम होईल. मिश्रण बाटलीत हलवून मग टाकीत ओतायचं. साखळीचं तेल वेगळं, आणि तिथं गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल ओतायची आपल्याकडची पद्धत बंद करा. त्यातली धातूची भुकटी पंप खाते आणि बार कोरडा तापतो. तेल येतंय का ते बघायला पुठ्ठ्यावर नाक धरून ॲक्सिलरेटर द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. इंधनाच्या एका टाकीबरोबर तेलाची टाकीही जवळपास संपते. ती भरलेलीच उरली असेल तर कुठेतरी तुंबलंय.

या मशीनची खरी फजिती वळवाच्या दिवशीच होते, कारण आधीचे दहा महिने ती पडवीत टाकी भरून ठेवलेली असते. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं, कार्ब्युरेटरमधला पडदा कडक होतो, आणि रस्ता अडलेला असताना माणूस दोरी ओढत बसतो. काम झालं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. आणि सुरू करताना मशीन जमिनीवर, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, चेन-ब्रेक लावलेला. हवेत लोंबकळवून दोरी ओढायची स्टाइल व्हिडिओत छान दिसते, पण मांडी-गुडघ्यावर साखळी बसते ती अशीच.

धार हा निम्मा सेफ्टीचा विषय आहे. बोथट साखळी पीठ टाकते, धारदार साखळी चिप्स टाकते. पीठ दिसलं की थांबा. बोथट मशीन माणूस जोर लावून दाबतो आणि तोल जातो. ०.३२५ साखळीला ४.८ मिलीमीटरची गोल कानस, ३० अंशात, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन घाव, फक्त पुढे जाताना. दातापुढची बुटकी गाठ दातापेक्षा ०.६५ मिलीमीटर खाली असावी. काहीजण ‘जास्त खाईल’ म्हणून ती गाठ बेसुमार घासतात. मग साखळी लाकडाला खात नाही, धरते, आणि मशीन उसळते. हँडग्राइंडरवर धार लावून दात निळा पडला असेल तर त्याचं पाणी उतरलंय, तो टिकणार नाही.

आता तो ‘फ्री सेफ्टी किट’. पिवळं हेल्मेट, ज्यावर आयएसआयचा शिक्काच नाही. पारदर्शक गॉगल, जो घामानं दोन मिनिटांत धुरकट होतो आणि मग कपाळावर चढतो. विणलेले हातमोजे, ओले झाले की हँडलवर सरकतात. कानातली बुचं मात्र ठेवा. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. बाकी दुकानातच सोडा आणि त्याऐवजी हेल्मेट ‘आयएस २९२५’ छापलेलं, त्याला जाळीचा व्हायझर आणि कानावरचे मफ जोडलेले असं घ्या. जाळीवर वाफ धरत नाही. बूट ‘आयएस १५२९८’चे, पोलादी टोकाचे. कोल्हापुरी चपला घालून कटर चालवणारा माणूस दिसला की समजायचं, हा अजून सुदैवी आहे.

आणि पँटवरून बांधायचे चॅप्स. खोक्यात ते कधीच नसतात आणि सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडतो. त्यात आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाला (स्प्रॉकेट) गुंडाळतात आणि साखळी जागीच अडते. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीची चाचणी पास, क्लास २ म्हणजे २४ मीटर. आपल्या कामाला क्लास १ पुरतो. पायाला घट्ट बांधायचे, नाहीतर लागताच फिरतात आणि पाय उघडा पडतो. एकदा कापले गेले की फेकायचे, शिवून परत वापरायचे नाहीत. मे महिन्याच्या उन्हात त्रास होतो हे खरं. त्यावर उपाय म्हणजे अर्ध्या तासाला माणूस बदलणं. चॅप्स काढून ठेवणं हा उपाय नाही. गळ्यातला गमछा मात्र काढाच. तो साखळीत अडकला की सोडवायला वेळ नसतो.

मशीन कितीही चांगली असली तरी तिनं काय करू नये, हेही या आढाव्यात सांगायला हवं. मुळांसकट उपटलेलं झाड बघा. गुलमोहर आणि रेनट्री असेच पडतात, मुळांचा मातीसकट गड्डा उभा आणि शेजारी खड्डा. खोड बुडाजवळ कापलं की वरचं वजन सुटतं आणि गड्डा झाकणासारखा परत खड्ड्यात बसतो. त्या क्षणी खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कुणी असेल, विशेषतः बघायला आलेली पोरं, तर वाचवायला वाव नाही. कधी तो उलट, कापणाऱ्याच्या अंगावर झुकतो. म्हणून गड्ड्याला जेसीबीचं बकेट टेकवून किंवा दोर ताणून धरल्याशिवाय काप नाही, आणि कापही बुडालगत नाही. सहा-सात फुटांचं खोड गड्ड्याला राहू द्यायचं, ते टेकू म्हणून उपयोगी पडतं.

अर्धवट पडून दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड या कटरनं काढायचं नाही. त्याच्याखाली जायचं नाही आणि ते ज्यावर अडकलंय ते झाडही कापायचं नाही. बुडाकडून ओढून खाली आणायचं. कललेल्या नीलगिरीला तर सरळ मागून काप घेतला की खोड उभं फाटून बुडखा छातीच्या उंचीवर मागे येतो. निदान कापाच्या वर जाड साखळी किंवा पट्टा आवळून बांधल्याशिवाय हात लावू नये. खरं तर ते जाणत्या माणसाचंच काम. वडाची गंमत वेगळीच: पारंब्या खांबासारख्या भार धरून असतात, एक पारंबी कापली की भार कुठे सरकेल याचा अंदाज येत नाही. शिडीवर चढून कटर चालवणं, खांद्याच्या वर हात नेणं, एका हातानं चालवणं, हे तिन्ही पूर्ण बंद. जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या छाटायचा प्रकार आपल्या भागात सर्रास चालतो. बकेटला ना कठडा ना बेल्ट अडकवायला जागा, आणि ऑपरेटरचा हात हलला की वरचा माणूस चालू कटरसकट खाली.

ट्रॅक्टरनं ओढताना दोर खालच्या हूकलाच बांधायचा. वर बांधला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की चाबकासारखा येतो. त्याच्या रेषेत, दोराच्या लांबीपेक्षा जवळ, कुणीही नको. गाव गोळा होऊन ‘हर हर महादेव’ म्हणत दोर ओढतो तेव्हा हे सांगणारा एक मुकादम लागतोच, आणि त्यानं स्वतः कटर हातात घ्यायचा नाही. कापणारा सोडून बाकीच्यांनी झाडाच्या दोन उंच्यांइतकं लांब राहायचं. कापणाऱ्यानंही पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ करून ठेवायची.

तार असेल तर मशीन सुरूच करायची नाही. महावितरणला १९१२ वर कळवा आणि लाइनमन जागेवर येऊन लाइन बंद करून अर्थिंग करेपर्यंत थांबा. ‘फोनवर बंद केलीय म्हणाले’ एवढ्यावर जाऊ नका. गावात लाइट गेली म्हणजे तार मेली असं नसतं. शेजारच्या घरातला जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर उलटा करंट सोडू शकतो. ओलं झाड करंट वाहून नेतं, पावसात भिजलेली जमीनही. तुटलेल्या तारेजवळ असाल तर पाय न उचलता, टाच-चवडा जोडून सरकत मागे यायचं.

उरलेल्या पैशांतून घ्यायची शेवटची वस्तू म्हणजे मलमपट्टीची पिशवी, आणि ती दुकानात तयार मिळते त्यापेक्षा मोठी. साखळीची जखम कापल्यासारखी नसते, फाडल्यासारखी असते. तिला बोटभर पट्टी पुरत नाही. रुंद जाड पट्ट्या, स्वच्छ कापडाच्या घड्या, एक टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा). आधी घडी ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबायचं आणि पट्टी आवळायची. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर टूर्निकेट, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा कागदावर लिहायची. हळद किंवा चहाची पूड जखमेत भरू नका, डॉक्टरला आधी तीच काढत बसावी लागते. माणूस ओंडक्याखाली बराच वेळ दबला असेल तर ओंडका उचलायच्या आधी १०८ ला फोन करून तसं सांगा. दबलेला पाय एकदम मोकळा झाला की तिथलं विष रक्तात उतरतं. फोन करताना गावाबरोबर जवळचा फाटा, शाळा किंवा देऊळ सांगायचं, कारण रस्त्यावर दुसरंही झाड पडलेलं असू शकतं आणि गाडीला वळसा घ्यावा लागतो.

मजूर लावून काम करून घेणाऱ्यांनी त्यांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी आहे का ते विचारा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, वय १८ ते ७०, बँक खात्यातून कापला जातो. रक्कम तोकडी आहे, पण अनेकांकडे तीही नसते.

खरेदी करताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. गॅरंटी ‘सहा महिने’ म्हणतात तेव्हा ती कशाची ते विचारा. बहुतेक ठिकाणी इंजिनाची असते, क्लच, साखळी, बार, स्टार्टरची दोरी यांची नसते. स्टार्टरची दोरी, प्लग, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचा पडदा त्याच दिवशी जादा घेऊन ठेवा. चारही स्वस्त आहेत, आणि पहिल्या वळवाच्या दुसऱ्या दिवशी त्या दुकानात मिळत नाहीत.